झेमून: बेलग्रेडमधल्या एका पालिकेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्बियाच्या नकाशावर झेमून शोधायला गेलं की तीन-चार वेगवेगळे आकडे आणि दोन-तीन वेगवेगळ्या हद्दी समोर येतात. त्यातलं सगळंच चूक नसतं. बहुतेक माहिती आपापल्या काळापुरती खरी असते, कारण या गावाची रेषा वारंवार सरकली आहे. खालची उत्तरं वाचताना कोणत्या वर्षाच्या झेमूनबद्दल बोलणं चाललं आहे, तेवढं ध्यानात ठेवावं.

झेमून हे शहर आहे, उपनगर आहे की नुसती पालिका?

कायद्याने ती बेलग्रेड शहरातल्या १७ पालिकांपैकी एक आहे. इतिहासाने मात्र ते एक पूर्ण, स्वतंत्र गाव आहे. त्याला स्वतःचा चौक, बाजार, किल्ला, दफनभूमी, नाट्यगृह आणि फुटबॉल क्लब आहे. बेलग्रेडच्या इतर भागांसारखं ते मूळ शहरातून बाहेर पसरत वाढलेलं नाही. जवळपास एकशे ऐंशी वर्षं ते बेलग्रेडच्या समोर, दुसऱ्या साम्राज्यात उभं होतं. म्हणून त्याला ‘उपनगर’ म्हटलेलं तिथल्या जुन्या लोकांना रुचत नाही. सावा नदीचा पूल ओलांडायचा असला की ‘बेलग्रेडला जाऊन येतो’ असं म्हणणारे झेमूनकर आजही भेटतात.

‘ग्राद्स्का ओपश्तिना’ म्हणजे काय?

शहराच्या पोटातली पालिका. सर्बियात स्थानिक स्वराज्याचे मुख्य घटक तीनच: साधी पालिका, ‘शहर’ असा दर्जा मिळालेलं गाव, आणि राजधानी बेलग्रेड. बेलग्रेडसाठी २००७ चा स्वतंत्र कायदा आहे. मोठ्या शहराला आपल्या सनदेने, म्हणजे स्वतःच्या नियमावलीने, आतल्या पालिका नेमता येतात. त्यांना निवडून आलेली सभा असते, अध्यक्ष असतो, स्वतःचा अर्थसंकल्प असतो. पण अधिकार शहर देईल तेवढेच. त्यामुळे झेमूनची पालिका ही पुण्याच्या शेजारी तळेगावची नगरपालिका असावी तशी नाही. मुंबईतल्या विभाग कार्यालयाला निवडून आलेली सभा आणि अध्यक्ष जोडला, तर काहीसं तसं चित्र होईल.

अशा पालिका बेलग्रेडबाहेरही आहेत. निशमध्ये पाच आहेत. व्रान्ये, पोझारेवत्स आणि उझित्से या शहरांनीही मुख्य गावाबाहेरच्या एकेका भागाला हा दर्जा दिला आहे. नोवी सादमध्ये पेत्रोवारादिन ही अशी पालिका कागदावर होती. २०१९ मध्ये ती कागदावरूनही गेली. शहराने दिलेला दर्जा शहर काढूनही घेऊ शकतं, हे त्यातून दिसतं.

मग कोणतं काम कोणाकडे?

रहिवाशाला रोज भेडसावणारी मोठी कामं जवळपास सगळी बेलग्रेड शहराकडे आहेत. नळाचं पाणी, सांडपाणी, कचरा, बससेवा, मोठे रस्ते, बागा, मंडया आणि शहराचा विकास आराखडा हे सगळं शहराच्या कंपन्या आणि खाती पाहतात. मालमत्ता कराची खिडकी झेमूनमध्ये असली तरी खातं शहराचं असतं. पोलीस तर शहराचेही नाहीत, ते थेट गृहमंत्रालयाचे.

पालिकेकडे उरतं ते त्यामानाने छोटं, पण माणसाच्या जवळचं काम. लहान बांधकामांचे परवाने, प्राथमिक शाळांच्या इमारतींची डागडुजी, स्थानिक खेळ आणि सांस्कृतिक कार्यक्रम, पालिकेच्या ताब्यातले गाळे, आणि मेस्ना झायेद्नित्सा, म्हणजे वस्तीपातळीवरची लोकांची मंडळं. जन्म, मृत्यू, विवाह यांच्या नोंदींसाठीही लोक पालिकेच्याच कचेरीत जातात. नोंदणी विवाह तिथेच लागतात, त्यामुळे शनिवारी मागिस्त्रात्स्की चौकातल्या पालिका इमारतीबाहेर वऱ्हाडी दिसले तर नवल नाही.

पैशाचं गणितही शहराच्या हातात आहे. कोणत्या उत्पन्नाचा किती वाटा कोणत्या पालिकेला द्यायचा, हे शहराची सभा ठरवते. माझ्या मते या व्यवस्थेतली खरी मेख इथेच आहे. अध्यक्ष लोकांच्या समोर असतो, तक्रारी त्याच्याकडे येतात, आणि बऱ्याच तक्रारींवर त्याला शहराला पत्र लिहिण्यापलीकडे काही करता येत नाही.

कारभार कोण चालवतं? नगरसेवक कसे निवडले जातात?

मतदार सभा निवडतात, सभा अध्यक्ष निवडते. सोबत एक कार्यकारी मंडळ असतं आणि रोजचं काम पाहणारं प्रशासन. मुदत चार वर्षांची. अध्यक्षाची थेट निवडणूक होत नाही.

मराठी वाचकाची इथे एका गोष्टीवर गल्लत होते. झेमूनमध्ये प्रभाग नाहीत. सगळी पालिका हा एकच मतदारसंघ असतो. लोक माणसाला नव्हे तर पक्षाच्या किंवा आघाडीच्या यादीला मत देतात आणि मतांच्या प्रमाणात जागा वाटल्या जातात. किमान ३ टक्के मतांची अट आहे. त्यामुळे ‘आमच्या वॉर्डाचा नगरसेवक कोण?’ या प्रश्नाला तिथे उत्तरच नाही. पालिकेच्या वायव्येकडच्या बातायनित्सा या वस्तीतल्या गटाराची तक्रार कोणत्या एका सदस्याकडे न्यायची हे ठरलेलं नसतं.

आणखी एक फरक. बेलग्रेडचा महापौर मुंबईच्या महापौरासारखा केवळ मानाचा नसतो. शहराची कार्यकारी सत्ता त्याच्याकडे असते. झेमूनचा अध्यक्ष त्याच्या हाताखालचा अधिकारी नव्हे, पण तुल्यबळही नव्हे.

देशाच्या राजकारणात ही खुर्ची कधी कधी चर्चेत आली आहे. सर्बियन रॅडिकल पक्षाचे नेते वोयिस्लाव शेशेल्य १९९६ ते १९९८ या काळात झेमूनचे अध्यक्ष होते. स्थानिक पालिका हे राष्ट्रीय पक्षाचं प्रदर्शन-दालन कसं होतं, याचं ते ठळक उदाहरण.

क्षेत्रफळ कुठे ४३८ चौरस किलोमीटर, कुठे १५०. खरं कोणतं?

आजचं १५०, म्हणजे थोडं कमीच. जुना आकडा सुर्चिन वेगळं होण्याआधीचा आहे. पालिकेच्या दक्षिणेकडचा मोठा शेतीचा पट्टा तोडून सुर्चिन ही नवी पालिका करायचं २००३ मध्ये ठरलं आणि २००४ च्या नोव्हेंबरमध्ये ते प्रत्यक्षात आलं. सुर्चिन, दोबानोव्त्सी, याकोवो, बोल्येव्त्सी, बेच्मेन, पेत्रोव्चिच आणि प्रोगार ही सात गावं त्यात गेली. झेमूनची जवळपास दोन तृतीयांश जमीन गेली, माणसं मात्र पाचातलं एकच गेलं.

म्हणून लोकसंख्येचे आकडेही जपून वाचावे लागतात. २००२ च्या जनगणनेतले १ लाख ९१ हजार हे सुर्चिन धरून आहेत. २०११ मध्ये आजच्या हद्दीत १ लाख ६८ हजार लोक होते, २०२२ मध्ये सुमारे १ लाख ७८ हजार. कोणी २००२ आणि २०११ चे आकडे शेजारी ठेवून ‘झेमून ओस पडत आहे’ असं लिहिलं असेल, तर त्याने हद्द पाहिलेली नाही. सर्बियाची एकूण लोकसंख्या घटत असताना इथली वाढते आहे.

आजच्या हद्दी कुठे आहेत?

उत्तरेला आणि पूर्वेला डॅन्यूब, पलीकडच्या काठावर पालिलुला ही पालिका. आग्नेयेला नोवी बेओग्राद, दक्षिणेला सुर्चिन. पश्चिमेला स्तारा पाझोवा, आणि तिथे बेलग्रेड शहराचीच हद्द संपून वोय्वोदिना प्रांत सुरू होतो.

नदीकडच्या आणि प्रांताकडच्या हद्दी कळतात. नोवी बेओग्रादकडची मात्र चालताना कळत नाही. डॅन्यूबच्या काठाने फिरायला निघालेला माणूस एका पालिकेतून दुसरीत कधी गेला, हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय समजणार नाही.

झेमून स्रेममध्ये आहे म्हणतात. मग ते वोय्वोदिनात का नाही?

स्रेम हा सावा आणि डॅन्यूब यांच्यामधला भूप्रदेश, आणि झेमून त्याचं पूर्वेकडचं टोक. भूगोल तेवढंच सांगतो. प्रांत ही राज्यकारभाराची गोष्ट. स्रेमचा बराचसा भाग आज वोय्वोदिनात आहे, काही क्रोएशियात आहे, आणि झेमून, नोवी बेओग्राद व सुर्चिन हा तुकडा बेलग्रेडकडे आहे. राजधानीला पश्चिमेकडे वाढायला सपाट जमीन हवी होती, ती नदीपलीकडेच होती. शिवाय बेलग्रेड कोणत्याही जिल्ह्यात मोडत नाही, ते स्वतःच जिल्ह्याच्या तोडीचं एकक आहे.

घरांच्या बांधणीत, चर्चच्या मनोऱ्यांत, खालच्या गावातल्या अरुंद गल्ल्यांत मात्र मध्य युरोपची छाप आहे. ती वोय्वोदिनातल्या नोवी सादशी जुळते, नदीपलीकडच्या जुन्या बेलग्रेडशी तितकी नाही.

‘तीन टेकड्यांवरचं झेमून’ म्हणतात, त्या टेकड्या कोणत्या?

गार्दोश, चुकोवत्स आणि काल्वारिया. खरं सांगायचं तर त्या स्वतंत्र टेकड्या नाहीत. झेमूनच्या मागे एक मोठं पठार आहे आणि ते डॅन्यूबच्या काठाशी येऊन एकदम तुटतं. पाण्याने आणि माणसाने त्या कडेत खाचा पाडल्या, उरलेली टोकं खालून टेकड्यांसारखी दिसतात. वर चढून गेलात की मागे उतार नाही, सपाट जमीनच आहे.

हे पठार लोएसचं आहे. हिमयुगांत वाऱ्याने आणून टाकलेली बारीक पिवळसर धूळ थरावर थर बसून हे तयार झालं. मधल्या उबदार काळात त्यावर माती तयार झाली, मग पुन्हा धूळ. बातायनित्साजवळच्या कड्यात हे थर इतके नीट दिसतात की युरोपातलं प्राचीन हवामान अभ्यासणाऱ्यांसाठी ती महत्त्वाची जागा ठरली आहे.

लोएसचा स्वभाव विचित्र. कोरडा असेपर्यंत तो सरळ भिंतीसारखा उभा राहतो आणि फावड्याने सहज कापता येतो. पाणी मुरलं की एकदम बसतो. झेमूनच्या लोकांनी पहिल्या गुणाचा भरपूर उपयोग केला. गार्दोश आणि आसपासच्या उतारांच्या पोटात त्यांनी लागुम, म्हणजे भुयारं खोदली. धान्य, दारू, बर्फ साठवायला, प्रसंगी लपायला. दुसऱ्या गुणाची किंमत आजची घरं मोजतात. वर वस्ती दाट झाली, नळ आणि गटारांचं पाणी खाली झिरपू लागलं, आणि विसरलेल्या भुयारावरची जमीन खचणं, भिंतींना तडे जाणं हे जुन्या भागातलं कायमचं दुखणं झालं. त्यामुळे गार्दोशवर घर बांधायचं तर आधी खाली काय आहे ते पाहावं लागतं. पर्यटकांच्या पुस्तिकांत लागुमांचं वर्णन गूढरम्य असतं, पालिकेच्या दृष्टीने तो अभियांत्रिकीचा आणि खर्चाचा विषय आहे.

गार्दोशवरचा मनोरा यानोश हुन्यादीचा आहे का?

लोक त्याला ‘सिबिन्यानिन यांकोचा मनोरा’ म्हणतात, आणि हंगेरीचा सेनापती हुन्यादी याचंच ते सर्बियन लोकगीतांतलं नाव. पण मनोरा त्याचा नाही. हुन्यादी १४५६ मध्ये मरण पावला. बेलग्रेडचा तुर्की वेढा मोडून काढल्यावर छावणीत साथ पसरली, तिने त्याला झेमूनच्या किल्ल्यात गाठलं. मनोरा उभा राहिला १८९६ मध्ये, म्हणजे ४४० वर्षांनी. हंगेरियन लोक या मैदानात आल्याला हजार वर्षं झाली म्हणून हंगेरीच्या सरकारने जी स्मारकं उभारली त्यांतलं हे एक. उंची ३६ मीटर. भोवती मध्ययुगीन गढीच्या कोपऱ्यातल्या बुरुजांचे अवशेष आहेत, हुन्यादीशी नातं आहे ते त्या दगडांचं.

नदीतलं मोठं बेट कोणाच्या हद्दीत?

सावा आणि डॅन्यूबच्या संगमावरचं वेलिको रात्नो ओस्त्रवो, म्हणजे मोठं युद्धबेट, झेमून पालिकेत आहे. क्षेत्रफळ साधारण २ चौरस किलोमीटर. नाव सैन्यांनी दिलं. बेलग्रेडच्या किल्ल्यावर चाल करायची किंवा त्याचा बचाव करायचा तर या बेटाला महत्त्व होतं. राजधानीच्या ऐन मध्यावर असूनही ते जवळपास रिकामं आहे, झाडी आणि पाणथळ जागा, पक्ष्यांसाठी २००५ पासून संरक्षित. झेमूनकडच्या टोकाला लीदो ही वाळूची चौपाटी आहे. उन्हाळ्यात सैन्य तिथपर्यंत तरंगता पूल टाकतं. बेट दरवर्षीच्या पुरात बऱ्यापैकी पाण्याखाली जातं, आणि त्यामुळेच बांधकामापासून वाचलं आहे असं मला वाटतं.

झेमून सरहद्दीवरचं गाव कसं झालं?

रोमनांच्या काळी इथे टाउरुनुम नावाचं गाव होतं. १५२१ मध्ये तुर्कांनी घेतलं, १७१७ मध्ये ऑस्ट्रियाने. पण आजच्या गावाला घडवणारं वर्ष १७३९. त्या साली बेलग्रेडच्या तहाने सावा आणि डॅन्यूब ही दोन साम्राज्यांमधली सीमा ठरली. बेलग्रेड तुर्कांकडे, झेमून ऑस्ट्रियाकडे, मधे नदी. लवकरच ते ऑस्ट्रियाच्या लष्करी सरहद्दीच्या पट्ट्यात घातलं गेलं.

त्या सीमेवरचा मुख्य उद्योग होता कोंतुमात्स, म्हणजे विलगीकरणाची छावणी. प्लेगच्या भीतीने तुर्की मुलखातून येणारा प्रत्येक माणूस, गाठोडं आणि कापसाची गासडी इथे थांबवली जाई. माणसं दिवस मोजत बसत, पत्रांना धुरी दिली जाई. साथ जोरात असली की मुक्काम लांबे. या सक्तीच्या मुक्कामावर गाव श्रीमंत झालं. व्यापारी, दुभाषे, दलाल, गोदामवाले, खाणावळी. सर्ब, ग्रीक, जर्मन, ज्यू, सगळे इथे जमले. झायनवादाचा, म्हणजे ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राच्या चळवळीचा, प्रवर्तक थिओडोर हर्झल याचे आजी-आजोबा इथलेच, त्यांच्या कबरी झेमूनच्या ज्यू दफनभूमीत आहेत. सर्बियाचा तुर्कांविरुद्धचा पहिला उठाव १८१३ मध्ये मोडला तेव्हा त्याचा नेता काराजोर्जे नदी ओलांडून इथेच आला.

कोंतुमात्सच्या जागेवर आज झेमूनची मोठी बाग आहे. छावणीतली ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक अशी दोन्ही छोटी चर्चं बागेत अजून उभी आहेत.

बेलग्रेडमध्ये ते कधी सामील झालं?

टप्प्याटप्प्याने. ५ नोव्हेंबर १९१८ रोजी सर्बियन सैन्य झेमूनमध्ये आलं आणि सीमा पुसली गेली. १९२९ मध्ये बेलग्रेड, झेमून आणि पान्चेवो यांना एका प्रशासनाखाली आणलं. १९३४ मध्ये झेमूनची स्वतंत्र नगरपालिका बेलग्रेडमध्ये विलीन झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सावेवर राजा अलेक्झांडरच्या नावाचा पूल सुरू झाला. तोवर रेल्वेचा पूल होता, पण तो १८८४ चा आणि दोन देशांना जोडणारा.

दुसऱ्या महायुद्धात ते पुन्हा तुटलं. १९४१ नंतर ते क्रोएशियाच्या नाझीधार्जिण्या राज्यात घातलं गेलं आणि १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये सुटलं. युद्धानंतर दोन्हींच्या मधल्या दलदलीत भराव टाकून १९४८ पासून नोवी बेओग्राद उभारायला घेतलं, १९५२ मध्ये त्याची वेगळी पालिका झाली. सुर्चिनच्या अर्ध्या शतकाआधी झेमूनच्या बाजूची जमीन तेव्हा पहिल्यांदा कापली गेली.

झेमूनच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या कोणत्या गोष्टी आज झेमूनमध्ये नाहीत?

निकोला टेस्ला विमानतळ सुर्चिनमध्ये आहे. झेमूनमध्ये आहे तो बातायनित्साचा लष्करी तळ.

सायमिश्तेची छळछावणी जर्मन कागदपत्रांत झेमूनच्या जर्मन नावाने, ‘झेमलिन’ म्हणून येते. १९४२ च्या वसंतात तिथल्या सहा हजारांहून अधिक ज्यूंना, मुख्यतः बायकामुलांना, विषारी वायूच्या गाडीत घालून मारलं गेलं. ती जागा सावेच्या डाव्या काठावर, आजच्या नोवी बेओग्रादमध्ये आहे. झेमूनच्या जुन्या गावात तिचं स्मारक शोधत फिरू नये.

जुन्या गावाबाहेर काय आहे?

बहुतेक झेमूनकर तिथेच राहतात, हे आधी सांगायला हवं. वायव्येकडे झेमून पोल्ये, जिथे मक्याच्या संकरित वाणांसाठी प्रसिद्ध असलेली संशोधन संस्था आहे. त्यापुढे बातायनित्सा, स्वतःच एक गाव वाटावं इतकं मोठं, पण कागदोपत्री बेलग्रेड शहराचाच भाग. वेगळं गाव म्हणून नोंद आहे ती उग्रिनोव्त्सीची.

आल्तिना, बुसिये, ग्रमोवत्स या वस्त्या १९९० च्या दशकातल्या. क्रोएशियातून आणि बॉस्नियातून आलेल्या सर्ब निर्वासितांनी शेतजमिनीचे तुकडे घेऊन घरं बांधली, रस्ते आणि गटारं मागाहून आली, काही ठिकाणी फार मागाहून. झेमूनची लोकसंख्या का वाढली याचं उत्तर इथे आहे. गार्दोशच्या फरसबंद गल्लीचं छायाचित्र पाहून झेमून कळल्यासारखं वाटतं, पण पालिकेचा बराच व्याप या वस्त्यांचा आहे.

जायचं कसं? ट्राम आहे का?

ट्राम नाही, ती नोवी बेओग्रादपर्यंतच. झेमूनचा भार बसवर आहे, आणि १ जानेवारी २०२५ पासून बेलग्रेडची शहर बससेवा मोफत आहे. रेल्वे बातायनित्साला शहराशी जोडते. २०२२ मध्ये सुरू झालेला बेलग्रेड–नोवी साद हा ताशी २०० किलोमीटर वेगाचा मार्गही याच पालिकेतून जातो.

डॅन्यूबपलीकडे बोर्चाला जायला पुपिन पूल आहे. डिसेंबर २०१४ मध्ये तो सुरू होईपर्यंत बेलग्रेडात डॅन्यूबवर एकच पूल होता, पान्चेवोकडचा. समोर दिसणाऱ्या काठावर जाण्यासाठी झेमूनच्या माणसाला सगळं शहर पार करून वळसा घालावा लागे. पूल चिनी कंपनीने बांधला.

पत्ता लिहिताना ‘बेलग्रेड’ लिहायचं की ‘झेमून’?

टपालासाठी ‘११०८० झेमून’ चालतं, तेच अधिक अचूक. फोनचा कोड ०११, सगळ्या बेलग्रेडचाच. गाडीच्या पाटीवरही बेलग्रेडचीच अक्षरं असतात, झेमूनची वेगळी नाहीत.

परदेशी माणसाला राहण्याची नोंद पालिकेत करावी लागते का?

नाही. ती पोलिसांकडे, आल्यापासून २४ तासांत. हॉटेलात उतरलात तर हॉटेलवाला करतो, भाड्याच्या खोलीत उतरलात तर घरमालकाने करायची असते. नोंदीच्या कागदाला सगळे ‘बेली कार्तोन’ म्हणतात. मुक्काम लांबवायचा किंवा कामाचा परवाना घ्यायचा तर हा कागद मागतात, म्हणून घरमालक टाळाटाळ करू लागला तर पहिल्याच दिवशी आग्रह धरा. आणि २०२३ च्या सुरुवातीपासून भारतीय पासपोर्टवर सर्बियात व्हिसाशिवाय जाता येत नाही. जुनी प्रवासवर्णनं वाचून तिकीट काढू नका.